नावाला भाव की चित्राला?

कैद्यांच्या कलेवरच्या माझ्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: कैद्यांनी तुरुंगात केलेल्या कलेचं कौतुक करताना, त्यांनी ज्यांचं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्या माणसांना मी विसरले. आणि हीच चित्रं बाहेर कुणी काढली असती तर त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, म्हणजे हे कौतुक निव्वळ दयेपोटी आहे. पहिला आक्षेप मला मानावाच लागतो, निदान अर्धा. दुसरा अजिबात पटत नाही.

आधी पहिला. अमेरिकेतल्या जॉन वेन गेसीने 33 मुलांचे आणि तरुणांचे खून केले. मृत्युदंडाची वाट बघत असताना तो विदूषकांची चित्रं काढायचा आणि ती विकली जायची. 1994मध्ये शिक्षेची अंमलबजावणी झाल्यावर त्यातली काही चित्रं विकत घेऊन जाहीरपणे जाळली गेली आणि ते बघायला बळींचे नातेवाईकही आले होते. मी जाळणाऱ्यांच्या बाजूची आहे. तिथे विकलं जात होतं ते नाव. सही खोडली तर मागे उरतात बेतास बात विदूषक. गुन्हेगाराने स्वतःच्या गुन्ह्याची कहाणी विकून कमाई करू नये म्हणून न्यूयॉर्कने 1977मध्ये कायदा केला, तो 1991मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला आणि मग तो सुधारून आणावा लागला. इतका हा पेच अवघड आहे.

पण नावच काढून घेतलं तर? ब्रिटनमध्ये 1962पासून कैद्यांच्या कलेला पारितोषिकं दिली जातात. ती सुरू करणारा लेखक आर्थर कोस्लर स्वतः 1937मध्ये स्पेनच्या तुरुंगात मरणाच्या सावटाखाली राहिलेला. या पारितोषिकांच्या प्रदर्शनात कलाकाराचं नाव लावत नाहीत आणि विक्रीतला काही वाटा गुन्ह्यांच्या बळींना मदत करणाऱ्या संस्थेला जातो. तुमच्या रागाची दखल घेणारी ही व्यवस्था आहे. मूळ लेखात ती यायला जागा होती, तुमच्यामुळे आता आली.

आता दयेचं. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉसच्या छावणीत फ्रेंच युद्धकैदी जेवणातली हाडं धुऊन, तासून त्यांची जहाजं करत. डोलकाठ्या, तोफा, सगळं बारकाईने. छावणीच्या फाटकापाशी बाजार भरायचा आणि आसपासचे इंग्रज ती विकत घ्यायचे. युद्ध चालू असताना शत्रूच्या सैनिकांवर कुणाला दया येणार होती? उलट, कैद्यांच्या गवताच्या वेण्यांमुळे टोप्या करणाऱ्या स्थानिक कारागिरांचा धंदा बसायला लागला, तेव्हा त्या विकण्यावर बंदी आली. दयेच्या मालावर कुणी बंदी घालत नाही.

तुरुंगाच्या शिक्क्याने भाव वाढतोच असंही नाही. पॅरिस कम्यून हे पॅरिसमधलं बंड मोडल्यानंतर 1871मध्ये फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे त्यातल्या सहभागासाठी सहा महिन्यांची शिक्षा भोगत होता. समोर बसवायला माणसं मिळेनात, म्हणून त्याने फळं-फुलं रंगवली. पुढच्याच वर्षी सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी त्याची चित्रं नाकारली. कारण त्याचं राजकारण, त्याचा कुंचला नव्हे.

अमेरिकन कलाकार जेसी क्राइम्सच्या चादरींना तुम्ही ‘टाइमपास’ म्हणालात. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात आत असताना त्याने वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांची शाई हेअर जेल लावून, चमच्याने घासून तुरुंगाच्या चादरींवर उतरवली. अशा 39 चादरी. तयार झालेली प्रत्येक चादर टपालाने बाहेर. सगळ्या जोडून एकत्र कशा दिसतात हे त्याला सुटल्यावरच कळलं. एका चादरीची कड दुसरीला जुळणार की नाही हे न बघता वर्षानुवर्षं मनात धरून ठेवायचं! रंगसाहित्याने भरलेला स्टुडिओ असलेल्या किती जणांना हे जमेल? (करदात्यांच्या पैशांचं म्हणाल तर हेअर जेल आणि जुनी वर्तमानपत्रं एवढाच खर्च. चादरी मात्र सरकारी, हे कबूल.)

कलेने कैदी सुधारतात असं मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. कुणी सुधारत असेल, कुणी नसेल. चित्र चांगलं आहे म्हणून शिक्षेतला एक दिवसही कमी व्हावा असं मला वाटत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की, बळींच्या घरच्यांसमोर हे बोलायची माझी हिंमत आहे का. त्यांनी विचारलं तर बोलेन. त्यांनी पाठ फिरवली तर तिथेच थांबेन, त्यांना पटवायला जाणार नाही.