गेममध्ये गोष्टच नसते म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर ताईने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, वर ठळक अक्षरात "प्रत्येक पालकाने वाचावे". असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही. पण हा वाचून ताईने भाच्याचा लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप घातलं, नववीतला पोरगा, परीक्षा संपून आठवडाही झाला नव्हता, म्हणून लिहितोच आता. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की एकट्याने खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये गोष्ट नावापुरती असते, दोन मारामाऱ्यांच्या मधली जागा भरायला. बटणं दाबून गोष्ट सांगता येत नाही, एका मोठ्या अमेरिकन समीक्षकानेही गेम ही कला होऊच शकत नाही असं म्हटलंय. सगळं परदेशी, आपल्याकडचं काही नाही. आणि शेवटी, असले गेम खेळून मुलं संवेदनशून्य होतात.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण कुलूप त्याच्यावरून लागलंय.

भाचा नक्की काय खेळत होता हे कुणी विचारलंच नाही. तो 'पेपर्स, प्लीज' खेळत होता. २०१३ सालचा गेम, लुकस पोप नावाच्या माणसाने जवळपास एकहाती केलेला. साल १९८२, एका काल्पनिक देशाच्या सीमेवरची चौकी, आणि आपण तिथले पासपोर्ट तपासणारे कारकून. माणूस खिडकीशी येतो, कागद सरकवतो, आपण फोटो बघायचा, तारखा बघायच्या, परवाना जुळतोय का बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसं तपासाल तितके पैसे, आणि त्यातूनच संध्याकाळी घरभाडं, जेवण, थंडीत घर गरम ठेवायचा खर्च आणि कुणी आजारी पडलं तर औषध. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती वॉर्निंग मिळते, पुढच्या चुकीला पैसे कापतात.

तर एक दिवस एक माणूस येतो. कागद सगळे व्यवस्थित. जाताना सांगतो की माझ्या मागे माझी बायको आहे, तिला जरा सांभाळून घ्या. मग ती येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. परत पाठवलं तर मारून टाकतील म्हणते.

भाच्याने पहिल्यांदा तिला लाल शिक्का मारला, कारण दोन्ही वॉर्निंग आधीच संपल्या होत्या आणि दंड बसला असता तर घरात औषधाला पैसे उरत नव्हते. रात्री साडेदहाला मला फोन, "मामा, तिचा नवरा आत वाट बघत असेल ना?" मी काय सांगणार, गेममध्ये ते दाखवतच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने तोच दिवस परत पहिल्यापासून सुरू केला, प्रत्येक पासपोर्ट दोनदोनदा तपासला, त्यात वेळ गेला आणि कमाई कमी झाली ती होऊ दिली, फक्त ती येईपर्यंत एक तरी चूक शिल्लक राहावी म्हणून. आणि ती चूक त्याने तिच्यासाठी खर्च केली. चौदा वर्षांचा मुलगा. ह्याला संवेदनशून्य म्हणायचं असेल तर त्या शब्दाचा अर्थच मला कळत नाही.

आता तो समीक्षक. नाव मेसेजमध्ये नाहीये पण हे रॉजर ईबर्ट असणार, सिनेमाचे फार मोठे समीक्षक, आणि हो, एप्रिल २०१० मध्ये त्यांनी गेम कधीच कला होऊ शकत नाहीत असं लिहिलं होतं. पण त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी परत लिहिलं. मत बदललं नाही त्यांचं, ते मी लपवत नाही, पण हे बोलायलाच नको होतं अशी सरळ कबुली दिली, कारण न बघितलेल्या सिनेमावर आपण कधी मत दिलं नसतं आणि इथे गेम न खेळताच बोललो. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धंच घेतलं आणि नेमकं सोयीचं अर्धं घेतलं.

बटणं दाबून गोष्ट सांगता येते की नाही, हे माझ्या आईला विचारा. मी 'वेन्बा' खेळत होतो, २०२३ चा गेम, टोरांटोच्या एका छोट्या टीमने केलेला, २०२४ मध्ये त्याला पदार्पणाच्या गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईने दिलेली पाककृतींची जुनी वही, आणि घरच्या भाषेपासून हळूहळू लांब जाणारा मुलगा. पहिल्यांदाच इडली करायची असते आणि वहीतली अक्षरं पुसलेली, म्हणजे इडलीपात्राच्या ताटल्या एकमेकींवर कशा लावायच्या ते आपणच शोधायचं. मी चुकीच्या लावल्या. आई मागे भाजी निवडत बसली होती, म्हणाली, "फिरव ती वरची, इडलीवर इडली नको, वाफ कशी लागेल?" मी फिरवली, जमलं. मग आई भाजी सोडून खुर्ची घेऊन आली आणि शेवटपर्यंत उठली नाही. संपल्यावर बराच वेळ गप्प होती, मग अमेरिकेतल्या मावशीला फोन लावला.

एक मान्य करतो, खळखळ करत का होईना. बऱ्याच मोठ्या गेममध्ये पन्नास-साठ तास भरायला भरताड असते हे खरंय. 'विचर ३' मध्ये पोटच्या मुलीसारखी सिरी संकटात असते आणि आपण गावोगाव पत्ते खेळत फिरतो, तिथे गोष्ट पातळ होतेच. आणि 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) नववीतल्या मुलाला देऊ नये हेही खरं, तो मोठ्यांसाठीचा गेम आहे. पण त्याच गेममध्ये सुरुवातीला कर्जवसुलीसाठी आपण एका खोकणाऱ्या माणसाला मारहाण करतो, साधं वसुलीचं काम म्हणून विसरूनही जातो, आणि कितीतरी तासांनी आपण ज्याच्या भूमिकेत खेळतो त्या आर्थरला क्षय झाल्याचं कळतं तेव्हा तो खोकणारा माणूस आठवतो. मारलं मीच होतं, बटण माझ्या बोटाखाली होतं. मेसेजमध्ये वयाच्या रेटिंगबद्दल एक ओळ असती तरी उपयोग झाला असता. ती नाहीये.

आपल्याकडचं काही नाही म्हणतात, तर 'राजी' पुण्यात तयार झालाय, २०२० मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली बहीण, आणि गोष्ट सांगतात विष्णू आणि दुर्गा. शेवट एकदम तुटल्यासारखा वाटतो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. पण निदान खेळून झालेली तक्रार आहे.

ताई, शनिवारी मी येतोय. 'वेन्बा' दीड-दोन तासांत संपतो, आपण तिघं बसू, माउस तुझ्या हातात. तेवढं कुलूप काढून ठेव, आणि त्याला 'पेपर्स, प्लीज'चा पुढचा दिवस खेळू दे, तो अजून मधेच अडकलाय.