जाम बोल्ट ‘पाच मिनिटांत’ मोकळा करण्याचा सल्ला का पाळू नये

ट्रकवाल्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरतो आहे. मजकूर साधारण असा: “गाडी उंच करायची आणि पाट्यांचे बोल्ट जाम आहेत? आपल्याकडे समुद्र नाही, खरा गंज लागतच नाही, नुसती माती अडकते. डिझेल मारा, पान्याला लांब पाईप लावा, नाही हलला तर गॅसने लालभडक करा. पाच मिनिटांत मोकळा. तोच बोल्ट परत कसा.” अकोल्यापासून वणीपर्यंत मंडळी हे वाचून गाडीखाली शिरत आहेत, म्हणून हे उत्तर. (पाटे म्हणजे अ‍ॅक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या.)

समुद्र नाही, हे खरं. मीठ मात्र भरपूर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि त्याच पाण्याने आपण गाड्या धुतो. खताच्या गाड्यांचं तर विचारूच नका. पोटॅश खत बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराईड असतं. फाटक्या पोत्यातून ते फाळक्याच्या फटीतून थेट पाट्यांवर उतरतं. त्यावर काळ्या मातीचा चिखल बसला की पावसाळाभर पाटे अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या बुडाशी ओल टिकून राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून बोल्टच्या आट्यांमध्ये (पेचांमध्ये) तो पाचरीसारखा ठासून बसतो. नुसती माती असती तर ब्रशने भागलं असतं.

डिझेल मारल्याने नुकसान नाही, पण अशा आट्यांत ते फारसं आत शिरत नाही. त्यासाठी गंज सोडवणारं पातळ तेल मिळतं, ते घ्या. आधी तारेच्या ब्रशने आटे घासा, संध्याकाळी तेल सोडा, नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्या, पुन्हा तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी नट आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा, असं पुढे-मागे करत आणायचा. कोल्ड्रिंक ओतण्याचा सल्लाही काही जण जोडतात. तो सोडून द्या.

आता पाईप. १२ मिलिमीटरचा ८.८ या ताकदीच्या श्रेणीचा बोल्ट साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटरला कसतात. एक मीटर पाईपच्या टोकावर माणसाने ५० किलोचा भार टाकला की जवळजवळ ५०० होतात. इतक्यात तो बोल्ट सुटत नाही, पिळून तुटतो, आणि पाईप धरणारा तोंडावर पडतो.

गॅसच्या सल्ल्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. डिझेल मारलेल्या जागी लगेच ज्योत नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. ब्रेकचा पाईप, वायरिंग, रबरी बुश, डिझेलची टाकी, सगळं हाताच्या अंतरावर असतं. दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ८.८ आणि १०.९ चे बोल्ट, तसेच पाटे, उष्णतेच्या प्रक्रियेतून ताकद मिळवलेल्या पोलादाचे असतात. लालभडक पोलाद ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असतं. तिथे ती ताकद उतरते. पाटा बाहेरून तसाच दिसतो आणि भरल्या गाडीत खचतो किंवा तुटतो. तापवायचंच असेल तर तेल पुसून, आजूबाजूचं काढून, फक्त नट, तोही लाल न होऊ देता. पाट्याला ज्योत लागता कामा नये.

आणि संदेशात जे नाहीच, ते सर्वांत आधी हवं: बोल्टवरचा भार. गाडी रिकामी, जमीन सपाट, चाकांना ठोकळे, चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) आणि अ‍ॅक्सलला जॅकचा आधार. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नका. पाट्यांचा मधला बोल्ट काढायचा असेल तर पाटे आधी शिकंज्यात घट्ट धरा, नाहीतर ते उसळतात. काही पिकअपना पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी, असतो. त्याचा उंचीचा बोल्ट सगळा पीळ पेलून असतो, म्हणून बार योग्य अवजाराने मोकळा करेपर्यंत तो बोल्ट कापायचा नाही, तापवायचाही नाही. हे काम ज्याच्याकडे ते अवजार आहे त्याच मिस्त्रीकडे न्या.

यू-बोल्टची गोष्ट वेगळी. तो एकदा कसला की ताणला जातो. उघडल्यावर नवाच टाकायचा असतो. पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये गुटका (ठोकळा) घालून गाडी उंच करणार असाल तर लांब यू-बोल्ट लागणारच. मग जो भंगारात जाणार आहे त्याच्याशी झुंजायचं कशाला? भार उतरवला असेल तर ग्राइंडरने नट चिरा, पाट्यावर ओरखडा न येऊ देता. चष्मा घाला. नवे यू-बोल्ट एकाआड एक, कोपऱ्याकोपऱ्याने, टॉर्क पान्याने कसा. पहिली भरलेली फेरी झाली की ते पुन्हा तपासा, आणि पुढची उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही खाली घ्या.