हार्मोनचं जेल 'कातडीवरच राहतं' हे खरं नाही

बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. गोषवारा असा: पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात, झोप उडते, त्यासाठी गोळ्या घेऊ नका, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं जेल लावा. ते कातडीवरच राहतं, रक्तात जात नाही, म्हणून रक्ताच्या गाठी होत नाहीत आणि कॅन्सरचीही भीती नाही. गर्भपिशवी असो किंवा काढलेली असो, सोबत दुसरं औषध लागत नाही. मधूनच रक्त गेलं तर शरीर पुन्हा तरुण होत असल्याची ती खूण समजा. त्रास असेल तिथे लावा, सुरकुत्यांवरही लावा. नैसर्गिक आहे, घरातल्या कुणाला त्याची बाधा होत नाही. आणि शेवटी हुकमी मुद्दा: आता अमेरिकेनेही धोक्याचा इशारा काढून टाकलाय.

हे पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचा त्रास 'वयाचं आहे, होईल कमी' म्हणून आपल्याकडे इतकी वर्षं झटकला गेलाय, की उपाय सांगणारा निरोप हाती आला की तो लगेच बहिणीला, नणंदेला, शेजारणीला जातो. शिवाय औषध खरंच चांगलं आहे. वाफा आणि रात्रीचा घाम यांवर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी दुसरं काही आजवर सापडलेलं नाही. अशा औषधाबद्दल चुकीचं सांगितलं की दोन्हीकडून नुकसान होतं: कुणी चुकीचं लावून आजारी पडते, आणि तिचं पाहून जिला गरज आहे ती घाबरून दूर राहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'कातडीवरच राहतं, रक्तात जात नाही.'

रक्तात गेलं नसतं तर वाफा थांबल्या असत्या कशा? वाफांचं मूळ मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागात आहे. दंडावर लावलेलं औषध तिथवर पोचतं ते रक्तातूनच. जेलमधलं अल्कोहोल उडून जातं, त्यातलं इस्ट्राडायोल (हे इस्ट्रोजेनच) कातडीच्या वरच्या थरात मुरतं आणि दिवसभर हळूहळू रक्तात उतरत राहतं. त्यासाठीच ते बनवलंय. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ०.०६ टक्क्यांच्या जेलच्या पंपातून एका दाबात साधारण १.२५ ग्रॅम जेल येतं आणि त्यात ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल असतं. हा मोजून दिलेला डोस आहे. 'आज जरा जास्त त्रास होतोय' म्हणून दोन दाब वाढवणं म्हणजे मनानेच गोळ्या वाढवणं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही. नव्या बाटलीचे पहिले काही दाब वाया घालवायचे असतात, कारण त्यात पूर्ण माप येत नाही. किती, ते आतल्या पत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक खोक्याबरोबर कचऱ्यात टाकू नका.

गाठींबद्दल मात्र त्या मजकुरात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि शिरांमध्ये गाठ होण्याचा धोका चढतो. कातडीवाटे दिलेलं औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं. फ्रान्समधल्या 'एस्थर' या अभ्यासात आणि २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासातही जेल किंवा कातडीवर चिकटवायची हार्मोनची पट्टी वापरणाऱ्यांमध्ये हा धोका वाढलेला दिसला नाही. वजन जास्त असलेल्या बाईला डॉक्टर गोळीऐवजी जेल सुचवतात ते यामुळे. पण जिला आधी पायात किंवा फुप्फुसात गाठ झालीय, पक्षाघात किंवा हार्ट ॲटॅक येऊन गेलाय, स्तनाचा कॅन्सर झालाय किंवा यकृताचा आजार आहे, तिने हा निर्णय ग्रुपवरच्या निरोपावरून घेऊ नये.

'गर्भपिशवी असो वा नसो, सोबत काही लागत नाही.'

संपूर्ण मजकुरात सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या आतलं अस्तर वाढवतं. पाळी सुरू असताना दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन येऊन या वाढीला आवर घालतं आणि अस्तर गळून जातं. पाळी गेल्यावर नुसतंच इस्ट्रोजेन देत राहिलं तर अस्तर जाड होत जातं, त्यातल्या पेशी बिघडू लागतात आणि काहींमध्ये त्यातून अस्तराचा कॅन्सर होतो. हे जगाला कळलं त्यालाही आता पन्नास वर्षं झाली. डिसेंबर १९७५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये या कॅन्सरचा धोका एकात साडेचार पट, तर दुसऱ्यात सात पटींहून जास्त दिसला. त्यानंतरच सोबत प्रोजेस्टेरॉन देण्याची पद्धत रुजली. इस्ट्रोजेन तोंडाने घेतलं की कातडीवाटे, याने अस्तराला काही फरक पडत नाही. त्याला ते रक्तातूनच मिळतं.

म्हणून गर्भपिशवी शाबूत असेल तर जेलबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. बहुतेकदा डॉक्टर ते कॅप्सूलच्या रूपात देतात, रोज १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यातले बारा ते चौदा दिवस २०० मिलिग्रॅम. त्याने गुंगी येते, म्हणून रात्री झोपताना. जिच्या गर्भपिशवीत मिरेनासारखी हार्मोन सोडणारी वस्तू (लोक तिला हार्मोनची 'कॉपर-टी' म्हणतात) बसवलेली आहे, तिच्या अस्तराचं रक्षण त्यानेही होऊ शकतं. मात्र ती कधी बसवली आणि मुदत संपलीय का, हे पाहावं लागतं. प्रोजेस्टेरॉनचीही क्रीम विकली जाते. अस्तर सांभाळण्यासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका, कारण त्यासाठी लागेल एवढं प्रोजेस्टेरॉन तिच्यातून खात्रीने मिळत नाही.

गर्भपिशवी काढली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन सहसा चालतं. पण इथे महाराष्ट्राची एक दुखरी बाजू येते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्यात तिशीतल्या, अगदी पंचविशीतल्याही बायका होत्या. 'पिशवी काढली' एवढंच अनेकींना ठाऊक असतं. सोबत अंडाशयं काढली की ठेवली, हे कुणी सांगितलेलंच नसतं. दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी नुसती थांबत नाही, इस्ट्रोजेन एका दिवसात आटतं. हाडं ठिसूळ होणं, हृदयाचे आजार हे सगळं मग वीस वर्षं आधी दारात येतं. अशा तरुण बाईला पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असाच वैद्यकीय सल्ला आहे. तिला या औषधाची गरज सर्वांत जास्त आणि ते तिच्यापर्यंत पोचतं सर्वांत कमी. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिचं डिस्चार्ज कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवा. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का, ते विचारा.

'रक्त गेलं तर शरीर तरुण होतंय.'

नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी ते डॉक्टरांना सांगायचं. हार्मोन सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत थोडंफार डाग पडणं नेहमीचं असतं, पण तेही सांगायचंच, आणि थांबत नसेल किंवा मध्येच नव्याने सुरू झालं तर अस्तराची तपासणी करायची. अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा रक्त दाखवून लवकर सूचना देतो, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. या निरोपाने ती सूचनाच आनंदाची बातमी करून टाकलीय. याचा मला मनापासून राग येतो.

'त्रास असेल तिथे लावा, चेहऱ्यावरही लावा.'

जेलची जागा ठरलेली आहे: दंड ते मनगट किंवा मांडीची आतली बाजू, उत्पादनाच्या पत्रकात असेल ती. स्तनांवर, चेहऱ्यावर किंवा योनीमार्गात ते लावायचं नाही. आंघोळ झाल्यावर अंग कोरडं करून पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही, पाचेक मिनिटं वाळू द्यायचं आणि मग वरून कपडा. हात लगेच साबणाने धुवायचे. नंतर तासभर तिथे पाणी, तेल, क्रीम काही नको. सनस्क्रीनमुळेही औषध शोषलं जाण्याचं प्रमाण बदलतं. आणखी एक, जे आपल्या घरांत विशेष लक्षात ठेवायला हवं: जेलमध्ये अल्कोहोल असतं, ते ओलं असताना पेट घेतं. सकाळी आंघोळ, मग जेल आणि लगेच देवापुढे निरांजन किंवा चहासाठी गॅस, असा क्रम ठेवू नका. आधी वाळू द्या.

योनीमार्गातल्या कोरडेपणासाठी मिळणारी इस्ट्रिऑलसारखी क्रीम हे वेगळं औषध आहे. तिचा डोस अगदी कमी असतो, रक्तात फारच थोडं जातं आणि सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. निरोपात दोन्हींची सरमिसळ झालीय. पण तिथेही 'हवी तेवढी लावा' चालणार नाही. दर ग्रॅमला १०० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायोल असलेल्या योनीमार्गाच्या तीव्र क्रीमचा वापर एकदाच, आणि तोही जास्तीत जास्त चार आठवडे, करावा असं युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये ठरवलं, कारण त्यातून रक्तातलं प्रमाण पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीच्या वर जात होतं.

'घरातल्या कुणाला बाधा होत नाही.'

कातडीवरचं औषध दुसऱ्याच्या कातडीला लागतं. हे सर्वांत स्पष्ट दिसलं पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉन जेलमध्ये. ते लावणाऱ्यांच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या, अवघ्या नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये जननेंद्रियं वाढणं, जांघेत केस येणं, हाडांचं वय पुढे जाणं असे परिणाम दिसले. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २००९ मध्ये त्या जेलवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. बहुतेक मुलांमधली लक्षणं संपर्क थांबल्यावर ओसरली, पण काहींची पूर्ण मागे गेली नाहीत. २०१० मध्ये हातावर मारायच्या इस्ट्रोजेनच्या स्प्रेबद्दलही असाच इशारा आला: लहान मुलींची छाती वाढत होती, मुलग्यांचीही, आणि घरातल्या कुत्र्यामांजरांचीही स्तनाग्रं सुजत होती.

आता आपल्याकडचं चित्र आठवा. पाळी जाण्याचं वय भारतात सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस. नेमकं याच वयात बाई आजी होते. बाळंतपणाला लेक माहेरी आलेली असते, आणि रोज सकाळी बाळाला पायांवर घेऊन तेल लावणं, ऊन पाण्याने आंघोळ घालणं आजीकडेच असतं. उघड्या पायांवर बाळ, उघड्या हातांनी मालिश, आणि तासाभरापूर्वी त्याच हातांवर किंवा मांडीवर लावलेलं जेल. याहून थेट संपर्क होऊच शकत नाही. उपाय अवघड नाही. बाळाची आंघोळ आधी उरका, जेल नंतर लावा, किंवा वेळ बदलून रात्रीची करा. लावलेला भाग कपड्याखाली झाकलेला राहू द्या. बाळाला जवळ घ्यावंच लागलं तर ती जागा आधी साबणाने धुवा. बाळाच्या अंगाला लागल्याची शंका आली तर त्याचंही अंग साबणपाण्याने धुवा. छातीला गाठ, अवेळी केस असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना 'घरात हार्मोनचं जेल आहे' हे आपणहून सांगा. नाहीतर तपासण्यांची रांग लागते आणि कारण बाथरूमच्या कपाटात बसलेलं असतं. हे जमणं कठीण वाटत असेल तर डॉक्टरांकडे पट्टीचा विषय काढा. तीत औषध चिकटपट्टीखाली राहतं.

'नैसर्गिक' या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. जेलमधलं इस्ट्राडायोल शरीरातल्यासारखंच असतं हे खरं, पण अस्तर वाढवतं तेही तेच. रानरताळ्याच्या ('वाइल्ड याम') क्रीमही याच नावाखाली विकल्या जातात. त्या कंदातल्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन करता येतं ते प्रयोगशाळेत. माणसाच्या शरीराला ते जमत नाही.

राहिला अमेरिकेचा दाखला. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांचे चौकटीतले इशारे काढण्याची घोषणा केली, हे खरं आहे. त्या इशाऱ्यांचं मूळ २००२ मध्ये मधेच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासात होतं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध गोळीच्या रूपात होतं, त्यामुळे पन्नाशीच्या बाईला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावणं चूकच होतं. पण शरीरभर काम करणाऱ्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या औषधांवरचा अस्तराच्या कॅन्सरचा इशारा त्याच घोषणेत कायम ठेवला गेला. निरोप लिहिणाऱ्याने नेमकी तीच ओळ गाळली. शिवाय औषध पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत किंवा साठीच्या आधी सुरू करावं, हेही तिथे सांगितलंय. सत्तरीच्या आईसाठी हा निरोप वाचून जेल आणायला निघालेल्यांनी एवढं तरी पाहावं.

आणि गर्भपिशवी असताना तुम्ही आधीच काही महिने नुसतं जेल लावत असाल, तर या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. किती दाब, किती महिने, रक्त गेलं का, हे खरं खरं सांगा. चिठ्ठीशिवाय आणलं म्हणून लाजू नका. सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतील, गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवतील आणि बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉन जोडून तेच जेल पुढे चालू ठेवतील.