गाडीचे नाव सांगा, बाकी सगळे बसून जाईल

गेल्या दोन महिन्यांत माझ्या अँबेसिडरचा गिअरबॉक्स तीनदा चढवून तीनदा उतरवला गेला आहे आणि आज, हे लिहीत असताना, तो शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर पडून आहे. गिअरबॉक्समध्ये एकदाही काही बिघाड नव्हता. दर वेळी घात केला तो ‘बसून जाईल, साहेब’ या वाक्याने, आणि ते ऐकून मान डोलावणाऱ्या माझ्या मूर्खपणाने.

हेतू अगदी साधा होता. 1489 सीसीचे, इंग्रजी घडणीचे जुने बी-सिरीज इंजिन आणि त्याला चारच गिअर. त्यामुळे नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उतरून सपाटीला लागलो की ते बिचारे पाचव्या गिअरसाठी अक्षरशः किंचाळते. पुढे याच गाडीत जपानी इसुझूचे इंजिन आले तेव्हा त्याच्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. तसा एक सुस्थितीतला मिळाला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवायची प्लेट नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरने सुरेख करून दिली. बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाचे) केंद्र क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जुळते की नाही, हे त्याने मी न सांगता डायल गेज लावून तपासले. या सगळ्या प्रकरणात मोजमाप नावाची गोष्ट ठाऊक असलेला तो एकमेव माणूस.

असा बदल करताना गाडीच्या नावाला काहीही अर्थ उरत नाही, एवढी एकच गोष्ट मला सुट्या भागांच्या दुकानदारांना समजावून सांगायची आहे आणि तेवढीच ते ऐकून घेत नाहीत. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचे जड चाक, जुन्या क्रँकला बोल्ट होते, म्हणून ते जुने राहते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या क्लच प्लेटच्या मधल्या खाचा नव्या क्लच शाफ्टशी जुळाव्या लागतात, पण तिचा व्यास फ्लायव्हीलच्या आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मापाचा असावा लागतो. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग नव्या गिअरबॉक्सच्या नळीवर सरकते, पण त्याची उंची ठरते प्रेशर प्लेटवरून. इंजिन सुरू करणारा सेल्फ (स्टार्टर) नव्या बेल हाउसिंगवर बसतो आणि त्याचे दाते मात्र जुन्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये अडकायला हवेत. प्रत्येक भागाचे माहेर एकीकडे आणि सासर दुसरीकडे असताना काउंटरपलीकडचा माणूस मात्र विचारतो, ‘गाडी कोणती?’ आणि उत्तर ऐकताच फळीवरून एक खोका काढून देतो.

पहिल्यांदा दगा दिला क्लच प्लेटने. व्यास बरोबर, खाचा बरोबर, म्हणून मीही निर्धास्त होतो. तिच्या मधल्या हबचा उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासतो, हे गिअरबॉक्स चढवल्यावर कळले. पेडल तळाला टेकले तरी क्लच सुटेना. त्यावर आमच्या मिस्त्रींचे निदान असे : ‘नवीन आहे, साहेब. थोडी चालवा, सेट होईल.’ जी गाडी गिअरमध्येच पडत नाही ती चालवायची कशी, हे त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्यांदा सेल्फने. जुन्या इंजिनाचा सेल्फ बेंडिक्सचा, म्हणजे मोटार फिरली की पिनियन, म्हणजे तिच्या टोकाचे लहान दातेरी चाक, स्वतःच्या झटक्याने रिंगवर जाऊन आदळणार. नव्या बेल हाउसिंगला बसणारा सेल्फ सोलेनॉइडचा, म्हणजे पिनियन आधी दातांत सरकणार आणि मग मोटार फिरणार. दोन्हींत पिनियन ज्या बाजूने आत शिरतो ती बाजू निराळी असू शकते, आणि रिंगच्या दातांची कड त्याच बाजूला तासलेली असावी लागते. शिवाय जुन्या इंग्रजी गाड्यांचे दाते इंचाच्या हिशेबाचे, तर जपानी गाड्यांचे मॉड्यूलच्या, म्हणजे मिलिमीटरच्या. इंचाच्या हिशेबातले दहा डायमेट्रल पिच म्हणजे 2.54 मॉड्यूल, तो अडीच मॉड्यूलशेजारी ठेवला तर डोळ्यांना तसूभरही फरक दिसत नाही, पण दर वेळी चावी फिरवली की दगड भरडल्यासारखा आवाज येतो. मी दुकानदाराला दातांचा पिच, म्हणजे आकार, विचारला. त्याने पिनियन माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, ‘मोजून घ्या ना, शेठ, नऊ आहेत.’ संख्या आणि आकार यांतला फरक त्याला सांगत मी भर उन्हात वीस मिनिटे उभा होतो. तेवढ्यात त्याने मागे थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांना दोन खोके देऊन वाटेलाही लावले, तेही गाडीचे नाव विचारूनच.

तिसऱ्यांदा जे झाले त्याचा राग अजून शमलेला नाही. सेल्फला जुळणारी रिंग शोधायला मी अंबड लिंक रोडवरच्या भंगारापासून मुंबईत कुर्ल्यापर्यंत पायपीट केली, फ्लायव्हीलची कड त्या रिंगच्या मापाला तासून घेतली आणि दोन्ही गॅरेजमध्ये नेऊन दिले. रिंग गरम करून चढवतात हे खरे, पण ती दोन-अडीचशे अंशांपर्यंतच तापवायची असते. पोलादावर गवती पिवळी छटा आली की थांबायचे. आमच्याकडे गॅसची बत्ती लावून ती लालबुंद केली गेली. दातांचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणाच गेला, आणि वर ती उलटी चढवली. तासलेली बाजू पलीकडे आणि पिनियन अलीकडे! आठ दिवसांत दाते असे झिजले की चावी फिरवल्यावर सेल्फ नुसताच गरगरू लागला आणि गंगापूर रोडवर सिग्नलला बंद पडलेली ती सव्वा टनाची गाडी दोन कॉलेजच्या पोरांनी ढकलून दिली. ‘काका, विकून टाका,’ असा सल्लाही त्यांनी फुकट दिला.

सातपूर-अंबडला मायक्रॉनच्या हिशेबाने डिझेल इंजेक्टरचे नोझल बनवणाऱ्या या शहरात सुट्या भागांच्या एका दुकानात मापे घ्यायचा व्हर्नियर सापडू नये, याचा मला संताप येतो. माप विचारले की हे लोक असे पाहतात, जणू मी त्यांच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली आहे. सदोष भाग परत न्यावा तर उत्तर तयार असते : ‘ग्रीस लागलं, आता परत होणार नाही.’ ग्रीस न लावता तो बसतो की नाही हे कसे पाहायचे होते?

आता मी स्वतःच व्हर्नियर घेतला आहे. रिंगचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, दात्यांची संख्या, पिच, तासलेली बाजू आणि फ्लायव्हीलच्या पायरीची उंची असे सगळे वहीत आकृतीसह उतरवले आहे. काल एका नव्या दुकानाला फोन लावून ही सारी मापे एकामागून एक वाचून दाखवली. पलीकडचा माणूस शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होता, त्यामुळे मला जरा आशाही वाटली. मग त्याने विचारले, ‘ते ठीक आहे, पण गाडी कोणती?’