म्हणे क्रॉप सेन्सरवर एक्सपोजर चुकीचं शिकता!

काल रात्री भाचीचा मेसेज आला. तिने फोटोग्राफीच्या बेसिक क्लासला नाव घातलंय, आणि तो "पहिला कॅमेरा घेताना या चुका करू नका"वाला फॉरवर्ड फिरतोय ना, तो मला पाठवून खाली विचारतेय, "मावशी, मग मी क्लास सोडू का?" कारण तिने क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा, जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान सेन्सरचा), किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती साधी झूम) सेकंडहँड कॅमेरा बघून ठेवलाय आणि फॉरवर्डच्या मते हे सगळं म्हणजे पैसे पाण्यात. एरवी असल्या फॉरवर्डला मी उत्तर देत बसत नाही.

सगळ्यात अचाट मुद्दा आधी घेते. म्हणे क्रॉप सेन्सरवर एफ २.८ हे "खरं" एफ २.८ नसतंच, ते एफ ४ होतं, म्हणून विद्यार्थी एक्सपोजरच चुकीचं शिकतो. अहो, एफ नंबर म्हणजे फोकल लेंथ (लेन्सवर एमएममध्ये लिहिलेली असते ती) भागिले अपर्चरचा, म्हणजे लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकाचा, व्यास! ५० एमएमची लेन्स एफ २ ला ठेवली की समोरून ते भोक २५ एमएमचं दिसतं, मागे सेन्सर कुठला आहे याचं लेन्सला काय सोयरसुतक? एक्सपोजर म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर किती उजेड पडला. कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेडाला तो किती संवेदनशील आहे तो आकडा) ज्या स्टँडर्डवरून ठरतो, आयएसओ १२२३२, त्यातही हिशोब लक्स-सेकंदात, म्हणजे तेवढ्याच जागेवर किती उजेड किती वेळ पडला त्यात, आहे, सेन्सर केवढा हे कोणी विचारत नाही. हातातल्या लाइट मीटरवर आयएसओ टाकता येतो, शटर स्पीड टाकता येतो, सेन्सरची साइज टाकायचं बटण दाखवा मला.

माझ्याकडे फुल फ्रेम आहे, व्हिडिओ कॉलवर भाचीला करूनच दाखवलं. मॅन्युअल मोड, एफ २.८, १/१२५, आयएसओ ४००, समोरच्या भिंतीचा एक फोटो, मग मेनूतून क्रॉप मोड ऑन करून परत तोच. फ्रेम आवळली, भिंत होती तेवढीच उजळ.

हं, एवढं खरं की तीच फ्रेम धरली तर क्रॉपवर बॅकग्राउंड कमी ब्लर होतं, साधारण एका स्टॉपचा फरक (एफ २.८ आणि एफ ४ मध्ये असतो तेवढा), आणि अंधारात नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, थोडा जास्त. फॉरवर्डवाल्याने हे कुठेतरी अर्धवट ऐकलं आणि नेऊन चिकटवलं एक्सपोजरला.

मेगापिक्सेल ४५ हवेत म्हणे. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००, ३०० डीपीआयला २० बाय १३ इंचाची प्रिंट निघते. क्लासमधली कोण एवढी प्रिंट काढतंय? पुढे.

किट लेन्स फेकून द्या म्हणे. घरात संध्याकाळी १८-५५ एमएमची किट लेन्स रडते, मान्य, ५५ एमएमला एफ ५.६ च्या खाली जात नाही आणि ५० एमएम एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) तिच्या जवळपास दहापट उजेड घेते. पण आपल्याला २४ एमएम आवडतं की ५० एमएम हेच अजून माहीत नाही, ते कळायला झूमच बरी. प्राइम नंतर घे.

सेकंडहँडमध्ये फसवतात, हो, न बघता घेतला तर. शटर काउंट, म्हणजे त्या कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत ते, विचारायचा. भाची उद्या कॅमेरा बघायला जातेय, तिला एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा आउट ऑफ फोकस फोटो काढून झूम करायला सांगितलंय, सेन्सरवर डाग असतील तर काळे ठिपके लगेच दिसतात.