टाकी किती लिटरची?

माझ्या ग्लायडरच्या शेपटीवर रेझिनचा एक गोळा कायमचा बसलाय. तो वरच्या बिऱ्हाडातल्या नानांमुळे बसलाय, माझ्यामुळे नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात सध्या उलट हवा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. दोन मीटर पंखांचं ग्लायडर, म्हणजे बिनमोटरचं छोटं विमान, करायला घेतलंय. त्याचं फ्यूजलाज, म्हणजे धड, घरीच करायचं. आधी थर्माकोलचं धड कोरून घासायचं, मग त्यावर फायबरग्लासचं कापड रेझिनमध्ये भिजवून चढवायचं, ते कडक झालं की पोटात पेट्रोल ओतायचं. थर्माकोल विरघळतो, वर पोकळ टणक कवच उरतं. कागदावर अर्ध्या पानाचं काम.

परभणीत ते कागदाबाहेर येता येत नाही. थर्माकोल मागितला तर दुकानदारानं आधी रस्त्याकडे बघितलं. राज्यानं 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर आणि ताटवाट्यांवर बंदी आणली, तेव्हापासून हा माणूस थर्माकोलचं नाव निघालं की आवाज खाली आणतो. "गणपतीला टाइम आहे की साहेब अजून." शेवटी फ्रिजच्या खोक्यातले तुकडे एकमेकांना चिकटवून ठोकळा केला. मग फायबरवाला. तो कूलरच्या बॉड्या करतो. त्याच्याकडे जाड मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. त्या रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोलला लागलं की थर्माकोल जागेवरच वितळतो. म्हणून मला इपॉक्सी, म्हणजे बिनस्टायरीनचं रेझिन, हवं होतं. हे मी त्याला पदरचा चहा पाजून समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्ही तर कायम हेच वापरतो." इपॉक्सी आणि पातळ कापड शेवटी कुरिअरनं मागवलं.

इपॉक्सीचं गणित घड्याळाशी बांधलेलं असतं. माझ्याकडच्याचं प्रमाण 100 ग्रॅमला 10 ग्रॅम हार्डनर, म्हणजे ते कडक करणारं रसायन. एकदा मिसळलं की थांबवता येत नाही. डब्यावर जी मिनिटं लिहिलेली असतात ती 25 अंशाची, आणि मे महिन्यात परभणीत 25 अंश फक्त एटीएमच्या खोलीत सापडतात. तापमान दहा अंशांनी चढलं की हातातली वेळ साधारण अर्ध्यावर येते. त्यातून मगात ढीग करून ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं आणि आणखी लवकर जातं. म्हणून पसरट भांड्यात ओतून घ्यायचं. मी जेवणाचं ताट घेतलं होतं. त्याबद्दलचं बोलणं वेगळं झालं, ते इथं लिहीत नाही.

तर भल्या पहाटे, गार असताना, गच्चीवर काम काढलं. आणि गच्चीवर बाज टाकून नाना झोपलेले. पाथरीकडचे, मुलाकडे उन्हाळ्यापुरते आलेले. माझा ब्रश ताटाला लागल्याबरोबर उठून बसले.

"काय करायलात साहेब?"

"विमान."

नाना जवळ येऊन उकिडवे बसले. "फवारणीचं?"

"नाही, साधं."

"आमच्या गावात बचत गटाच्या बाईनं आणलंय. दहा लिटरची टाकी. ह्याची टाकी किती लिटरची?"

"टाकी नाही नाना."

"मोटर किती एचपीची?"

"मोटर नाही."

"जळाली?"

शेतकरी माणसाचं हे किती खरं आहे बघा. मोटर नाही म्हणजे ती जळालेली असणार, आणि जळालेली असणार म्हणजे रिवाइंडिंगला गेलेली असणार. मोटर मुळातच नसावी, असं कुणी ठरवूनच टाकलं असेल, हे त्यांच्या डोक्यात उतरेना.

"बसवायचीच नाही. वाऱ्यावर उडतं."

नानांनी गच्चीभर नजर फिरवली. दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलत नव्हता. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

मला खरं तर त्यांना जर्मनी सांगायचं होतं. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे आपण छाती काढून म्हणतो, पण जर्मनीनं काय केलं ते कुणी विचारत नाही. पहिलं महायुद्ध हरल्यावर 1919 च्या व्हर्सायच्या तहानं त्यांच्या इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले. म्हणून 1920 पासून तिथली पोरं वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची विमानं घेऊन जमू लागली. पुढे फायबरग्लासचं पहिलं ग्लायडर, 'फिनिक्स', स्टुटगार्टच्या विद्यापीठातल्या मंडळींनीच 1957 साली उडवलं. आजचं चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून सहज चाळीस किलोमीटर जातं. परभणीवर सोडलं तर जिंतूरला उतरेल, डिझेलचा थेंब न जाळता. एसटीलाही हे जमत नाही. पण ताटातलं रेझिन दाटायला लागलं होतं, तेव्हा जर्मनी राहिली.

शेपटीचा भाग सगळ्यात नाजूक. तिथं कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापून घ्यावं लागतं, तरच ते गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. हातात रबरी मोजे, मोज्यांना रेझिन, दोन्ही हातांच्या चिमटीत कापडाची टोकं. आणि नेमका कठड्यावरचा फोन वाजला.

"वाजू द्या," मी म्हणालो.

"मामा हिंगोली," नानांनी वाचलं. आणि उचलला. माझ्या सासऱ्यांचा फोन, पहाटेच्या पारी, कारण त्यांना जाग लवकर येते आणि मग ती वाटून टाकावीशी वाटते.

"हां, रामराम. … न्हाई, मी वरचा. साहेबांचे हात गुतलेत. … न्हाई, झोपले न्हाईत. गच्चीवर हायेत. पांढऱ्या कापडात काहीतरी गुंडाळायलेत."

मी जोरजोरात मान हलवली. नानांनी मला हातानं 'थांबा' केलं.

"… असंल तीन-साडेतीन फूट. … न्हाई, हालत न्हाई."

"नाना! विमान आहे म्हणून सांगा!"

"विमान हाय म्हणायलेत. … व्हय. तसंच म्हणायलेत."

तो 'म्हणायलेत' त्यांनी ज्या सुरात म्हटला, त्या सुरावर कोर्टात माझा जामीन नाकारला गेला असता.

"… ताई? ताई दिसल्या न्हाईत बा सकाळधरनं. … तब्येत तशी बरी दिसती. तोंडाला फडकं बांधलंय. रबरी मोजे हायेत हातात." मग थोडं थांबून, अगदी शांतपणे, "आता धूर निघायला."

मगात उरलेलं रेझिन पेटायच्या बेतात आलं होतं. मी सगळं सोडून मग उचलायला धावलो, मागे कापड घसरलं, त्याबरोबर रेझिन वाहत जाऊन शेपटीशी साचलं आणि तिथंच घट्ट व्हायला लागलं.

मेहुणा परभणीतच राहतो. चहाही झाला नव्हता तोवर तो बर्मुड्यावर मोटारसायकल घेऊन दारात हजर. आधी खाली जाऊन झोपलेल्या बहिणीला बघून आला, मग गच्चीवर आला, मग शेपटीला बोट लावून म्हणाला, "ओलं आहे अजून." आता त्या बोटाचा ठसाही आहे तिथं. सासरे अजून फोनवर माझ्याशी जरा सांभाळूनच बोलतात. बायकोचं म्हणणं एकच, लोकांना शंका येईल असं काही करायचंच कशाला.

हे 'कशाला' मला लागतं. आमच्या कोपऱ्यावर माणसं रोज दोन-दोन तास गुटखा चघळत उभी असतात, त्यांना कुणी विचारत नाही, ह्याचा उपयोग काय. लग्नात डीजे लावून अख्ख्या गल्लीची झोप घालवली तर ती हौस. मी पहाटे आवाज न करता, पदरच्या पैशानं, एक वस्तू नीट करायला बसलो तर तिला टाकी पाहिजे, मोटर पाहिजे, सबसिडी पाहिजे. नाहीतर माझ्या डोक्याची चौकशी. नानांचा रागही धड काढता येत नाही, कारण त्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्यासाठी कैरीचं पन्हं पाठवलं.

गोळा घासून काढायचा म्हणजे काचेची धूळ. ती अंगात बारीक शिरते आणि रात्रभर खाजवते. गार पाण्यानं आंघोळ करा म्हणतात. गच्चीवरच्या टाकीला मे महिन्यात कुणीतरी हे समजावून सांगावं. म्हणून गोळा तसाच ठेवला. पण तसा ठेवला की धड मागे झुकतं. शेपटीकडचा एक ग्रॅम तोलायला नाकात तीन-चार ग्रॅम शिसं घालावं लागतं, शेपटी पंखापासून तेवढी लांब असते म्हणून. नाहीतर विमान नाक वर करतं, तिथंच थबकतं आणि पडतं.

शिसं कुठं मिळणार? चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं आठवली, म्हणून टायरवाल्याकडे गेलो.

"वजनं पाहिजेत, शिशाची. सुटी."

"गाडी कोणती?"

मी क्षणभर विचार केला. त्याच्या मागं बाकावर तीन गिऱ्हाइकं बसलेली होती, तिघंही मोकळी.

"अल्टो," म्हणालो.

"मग गाडी घेऊन या की. हितंच लावून देतो."