हॉलमधल्या लॅम्पशेडच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडून नेलेल्या मरून हिमरूच्या शेडमुळं हॉलमध्ये अंधार पडायलाय, सासऱ्यांना पेपर वाचता येईना, आणि आता शेड आतून करपली म्हणजे कापडच डुप्लिकेट आहे. वाईट वाटलं वाचून, पण कापडाबद्दल म्हणलात ते मला मान्य नाही.

हिमरू आपल्या संभाजीनगरचं, सुती आणि रेशमी धाग्यांचं. नक्षीचे जास्तीचे धागे उलट्या बाजूला मोकळे सुटलेले असतात, शेड पालथी करून बघा, दिसतील. म्हणून ते जाड असतं आणि त्यात रंग मरून, मग उजेड कापडातून आरपार येतच नाही, वरून छताकडं जातो आणि खालून टेबलावर पडतो, बास. सोफ्याच्या कोपऱ्यात संध्याकाळी लावायचा दिवा आहे हा, अख्खा हॉल उजळायला ट्यूबच पाहिजे. उन्हात आपण कपाळावर हात आडवा धरतो ना, शेडचं मूळ काम तेच, बल्ब डोळ्यात घुसू नये.

आता करपल्याचं. तुम्ही टाकलेल्या फोटोत १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब दिसायलाय, आणि शेडच्या रिंगवर चिकटवलेल्या पट्टीवर जास्तीत जास्त ४० वॅट लिहिलेलं त्याच फोटोत वाचता येतंय. तारेचा बल्ब ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेतच घालवतो, कापडाशेजारी तासन् तास तो जळत राहिला तर कुठलंही कापड करपणारच, हिमरू असो की साधं मांजरपाट. त्यात वरून पुठ्ठा झाकलाय, धूळ बसू नये म्हणून असेल, आपल्याकडं उन्हाळ्यात किती धूळ येते मला माहितीय, पण त्या पुठ्ठ्यानं गरम हवा आत कोंडली आणि छताकडं जाणारा उजेडही अडला. पांढरं छत तो उजेड खोलीत परत फेकतं, तुमचा अर्धा अंधार त्या पुठ्ठ्याचाच आहे. धुळीला कोरडा मऊ ब्रश फिरवा, ओलं फडकं नको.

बल्ब ९ वॅटचा एलईडी लावा, पिवळ्या उजेडाचा, ३००० केल्विनवाला. साधारण जुन्या ६० वॅटएवढा उजेड देतो आणि कापडाला धग लागत नाही. एलईडीलाही बुडाशी हवा लागते, तेव्हा वरचं तोंड उघडंच ठेवायचं.

सासऱ्यांच्या वाचायला मात्र ही शेड कामाची नाही, एलईडी लावून पण नाही. त्यांना ऑफव्हाइट सुती कापडाची, खाली रुंद असलेली शेड पाहिजे, दिवा खांद्याच्या बाजूला, आणि ते खुर्चीत बसले की शेडची खालची कड त्यांच्या डोळ्याच्या लेव्हलला आली पाहिजे. वर राहिली तर बल्ब डोळ्यात येतो, लई खाली गेली तर उजेड पेपरपर्यंत पोचत नाही.

करपलेल्या शेडचे पैसे परत देता येणार नाहीत ताई. पण फ्रेम चांगली आहे, घेऊन या, कापडाचे तेवढे पैसे घेऊ, शिलाई आमच्याकडून, आणि आतून पांढरं अस्तर लावून देतो म्हणजे खालचा उजेडही वाढेल. ऑफव्हाइट शेड आठवडाभर घरी नेऊन सासऱ्यांना वाचून बघू द्या, पटली तरच घ्या. दुकानात याल तेव्हा याल, तो १०० चा बल्ब आणि पुठ्ठा मात्र आजच काढा, करपलेलं कापड पेटायला वेळ लागत नाही.